कळा चालू असताना घेतलेला अंगठा

मा. संपादक, स.न.वि.वि.

सिझर की नॉर्मल, यावर आपल्या पानावर अधूनमधून पत्रं येतात. मी एकतीस वर्षं प्रसूतिकक्षात अधिपरिचारिका होते. मला बोलायचंय ते ज्या चाचण्यांच्या, म्हणजे बायकांचे दोन गट करून दोन्हींची तुलना करणाऱ्या प्रयोगांच्या, आधारावर हा निवाडा होतो, त्यांच्याबद्दल.

पायाळू बाळाचंच घ्या. उसण भरली की पायाळू माणसाचा पाय कमरेला लावून घेणारा आमचा मुलूख. पण आता नवी पायाळू माणसं होणंच बंद झालंय. पोटात बाळ पायाळू दिसलं की सिझरची तारीख ठरते. याचं मोठं कारण २००० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेली चाचणी. डॉ. मेरी हॅना यांच्या पुढाकाराने २६ देशांतल्या २०८८ बायका त्यात घेतल्या. कुणाचं ठरवून सिझर करायचं आणि कुणाला नॉर्मलसाठी थांबवायचं, हे चिठ्ठी उचलावी तसं ठरलं. बाळ दगावणं किंवा त्याला गंभीर इजा होणं नॉर्मलच्या गटात ५ टक्के, सिझरच्या गटात १.६ टक्के निघालं. चाचणी मध्येच थांबवली. नेदरलँड्समध्ये तर दोन महिन्यांत पायाळू बाळांची सिझर ५० टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर गेली. मग २००४ साली त्यातल्या काही मुलांचा दोन वर्षांचा आढावा आला. मृत्यू आणि मेंदूच्या वाढीतली खोट एकत्र धरली, तर दोन्ही गटांत फरक दिसला नाही!

तोवर पायाळू बाळ नॉर्मल सोडवणारे सरावाचे हात गेले होते. आमच्या मोठ्या डॉक्टरीणबाई बाळाचं बूड बाहेर आलं की दोन्ही हात मागे बांधून उभ्या राहायच्या. “ओढायचं नाही सिस्टर, तिला कळ देऊ द्या.” बाळाला कोमट टॉवेल गुंडाळायचा आणि मानेवरची केसांची रेघ दिसेपर्यंत तसंच लोंबतं राहू द्यायचं. ते थांबणं फार अवघड असतं. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००१ साली ठरवून नॉर्मल नको म्हटलं आणि २००६ साली डॉक्टर अनुभवी असेल तर चालेल म्हटलं. मधल्या काळात शिकलेल्यांनी तो अनुभव आणायचा कुठून?

म्हणून चाचण्या नकोत, असं मी म्हणणार नाही. चाचणी नसली की डॉक्टरच्या सवयीवर ठरतं, तोही बाईवरचा प्रयोगच, फक्त त्याची नोंद नसते. माझा आक्षेप विचारण्याच्या वेळेवर आहे. या चाचणीत अनेक बायकांना कळा सुरू झाल्यावर घेतलं होतं.

आमच्याकडे चाचणी नव्हती, पण संमतीचा कागद रोजचाच. एक पहिलटकरीण मला आजही दिसते. कॉटची दांडी घट्ट धरलेली, केस कपाळाला चिकटलेले. सासू म्हणाली, “घ्या हो अंगठा, तिला काय कळतंय.” मी घेतला. पुढची कळ आली तशी तिने पुन्हा दांडी धरली आणि निळी शाई दांडीवरही उमटली. कागदात काय लिहिलंय ते मी तिला वाचून दाखवलं नव्हतं. कागद नियमाप्रमाणे पूर्ण होता.

सिझर आणि नॉर्मलची तुलना करायची तर बाईला सातव्या-आठव्या महिन्यात, तपासणीला आल्यावर विचारा. तिलाच विचारा, नवऱ्याला नाही, आणि ती घरात बोलते त्या मराठीत. आठवड्याने परत विचारा. कळा सुरू झाल्यावर ती नको म्हणाली, तर तिचं शेवटचं म्हणणं धरा. चिठ्ठी टाकणाऱ्या डॉक्टरलाही दोन्हींपैकी चांगलं कोणतं, हे खरोखर माहीत नसलं पाहिजे, आणि तसं त्याने तिला तोंडाने सांगितलं पाहिजे.

आणखी एक. दुसऱ्या खेपेला जुन्या सिझरच्या जागी वार चिकटून बसलेली आणि रक्त थांबत नाही, असं मी पाहिलंय. चाचणीने बाळंतपणानंतर सहा आठवड्यांवर हिशेब मिटवला तर ही बाई त्यात येतच नाही. चाचणीला परवानगी देणाऱ्या नैतिकता समितीने तिची पुढची खेपही मोजायला लावावी.

आपली,
एक निवृत्त अधिपरिचारिका, जि. सातारा