मीटरचा आकडा माझ्याकडे वळवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

आपले नाव या पत्रात लिहीत नाही. आपण वापरायला दिलेला सॉकेट पाना परत द्यायला आले तेव्हा मी आभाराचे शब्द काढताच आपण हात जोडून मला थांबवले होते आणि पुढच्या गिऱ्हाइकाला काय हवे ते विचारू लागला होता. सांगली-मिरज रस्त्यावरच्या आपल्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानाची पायरी उतरताना जे मनात राहून गेले, ते आज तीन आठवड्यांनी लिहिते आहे. कारण या तीन आठवड्यांत असा एकही दिवस गेला नाही की गाडी सुरू करताना आपली आठवण झाली नाही.

माझी गाडी २०१७ च्या अखेरीस घेतलेली, प्रदूषणाच्या बीएस-४ मानकाची, पेट्रोलची. यंदा पीयूसीच्या तपासणीत ती नापास झाली. अशा गाडीचे इंजिन जागेवर चालू असताना धुरातला कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्क्यांच्या आत असावा लागतो. माझ्या गाडीचा आकडा १.४ आला. त्याआधी दोन महिने चेक इंजिनचा दिवा लागत होता, लिटरला सोळा किलोमीटर देणारी गाडी बारावर आली होती आणि मागच्या बाजूला उभे राहिले की पेट्रोलचा वास येत होता. मी काही हातावर हात ठेवून बसले नव्हते. एका गॅरेजने ट्यूनिंग आणि इंजेक्टर साफ करण्याच्या नावाखाली दोनदा पैसे घेतले आणि दोन्ही वेळा फक्त दिवा विझवून दिला. तिसऱ्या दिवशी तो पुन्हा लागला. दुसऱ्या गॅरेजने बॉनेटही न उघडता कॅटालिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग, गेल्याचे सांगून टाकले आणि अंदाजपत्रक असे दिले की ते वाचून माझे हातपाय गळाले. कन्व्हर्टरच गेला आहे हे कशावरून ठरवले, एवढेच मी विचारले, तर उत्तर मिळाले, “मॅडम, ते तुम्हाला नाही कळायचं.” एकोणीस वर्षे मी तासगावच्या पुढच्या एका गावातल्या शाळेत विज्ञान शिकवते. पैशांपेक्षा ते वाक्य मला जास्त लागले.

तिसरा एक गृहस्थ भेटला, त्याने गाडी न आणताही प्रमाणपत्र मिळवून देण्याची तयारी दाखवली. तेव्हा क्षणभर मोह झाला होता हे मी आपल्यापासून लपवत नाही, कारण पीयूसीवाचून गाडी रस्त्यावर आणणे हा गुन्हा आहे आणि गाडीवाचून माझी शाळा गाठणे अवघड. परंतु कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. शाळा सुटल्यावर आठ-दहा मुले माझ्या गाडीमागून चालत फाट्यापर्यंत येतात. कागदावर उत्तीर्ण झालेली तीच गाडी त्यांच्या तोंडासमोर सुरू करणे मला जमले नसते.

आपल्या दुकानात आले ते दोन सेन्सर विकत घ्यायला. सहकारी बाईंच्या मुलाने त्याचा स्कॅनर लावून पी ०१३५ हा बिघाडाचा क्रमांक काढून दिला होता आणि धुरातला ऑक्सिजन मोजणारे ऑक्सिजन सेन्सर दोन असतात, एक कन्व्हर्टरच्या आधी आणि एक नंतर, तर दोन्ही एकदमच बदलावेत, असा सल्ला कोणीतरी दिला होता. मी दोन मागितले. आपल्याकडे दोन्ही होते. दोन खोकी गल्ल्यावर ठेवून पैसे घेतले असते तर मला त्यात काहीही वावगे वाटले नसते, उलट मी समाधानाने घरी गेले असते. पण आपण विचारले, “दोन्ही कशाला, ताई? नंबर काय आलाय?” आणि तो ऐकल्यावर इंजिन निवेपर्यंत मला स्टुलावर बसवून ठेवले, कारण तापलेल्या सेन्सरचे माप खरे येत नाही.

त्यानंतर जे घडले त्याबद्दलच हे पत्र आहे. आपण भर उन्हात रस्त्यावर येऊन गाडीपाशी उकिडवे बसलात, पुढच्या सेन्सरचा कनेक्टर सोडवलात, आणि एका वायरीला काळी चिकटपट्टी गुंडाळलेल्या रोध मोजायच्या त्या जुन्या पिवळ्या मीटरची टोके एकाच रंगाच्या दोन तारांच्या पिनांना टेकवलीत. आकडा आपल्याला दिसला होता. तो नुसता सांगून आपण उठू शकला असता. आपण अंगठ्याने मीटरच्या काचेवरची धूळ पुसली आणि मीटर माझ्याकडे वळवला. काचेवर नुसते ओएल, म्हणजे वाट तुटलेली. मग खोक्यातल्या नव्या सेन्सरचे माप घेतले आणि पुन्हा मीटर माझ्याकडे वळवला: सात ओहमच्या जवळपास. मग मागचा सेन्सर; त्याचेही माप सहा-सातच्या घरात. “बघा, पुढच्याचा हीटर तुटलाय. मागचा ठणठणीत आहे, त्याला हात लावू नका.” एवढे बोलून एक खोके आपण परत फळीवर ठेवलेत.

काका, विद्युतधारेचा औष्णिक परिणाम मी दहावीला शिकवते, रोध मोजायला नववीला शिकवते. तरीही आपल्या गाडीच्या पोटात तोच धडा आहे हे त्या दिवसापर्यंत माझ्या ध्यानात आले नव्हते. सेन्सर साधारण तीनशे अंशांच्या वर तापल्याशिवाय काम करत नाही, त्याला लवकर तापवण्यासाठी हीटर असतो, तो तुटला की गाडीच्या संगणकाला धुरातल्या ऑक्सिजनचा भरवसा देणारा इशारा वेळेवर मिळत नाही आणि तो अंदाजाने, सढळ हाताने पेट्रोल सोडत राहतो; धुरातला कार्बन मोनॉक्साइड वाढतो तो त्यामुळे, आणि अ‍ॅव्हरेज पडतो तोही त्यामुळेच. मागचा सेन्सर मुख्यतः कन्व्हर्टरच्या कामावर लक्ष ठेवतो. हे सारे आपण पाच मिनिटांत, एकही शब्द वर चढून न बोलता सांगितलेत. सांगताना आपण माझ्याकडे गिऱ्हाईक म्हणून पाहत नव्हता आणि बाई म्हणूनही पाहत नव्हता. समजून घेऊ पाहणारे कोणीतरी समोर आहे, एवढेच आपल्या लेखी होते.

बदलण्याच्या कामाचे फार सांगण्यासारखे नाही. तारेसाठी खाच असलेला आपला २२ मिलिमीटरचा सॉकेट आपण अनामत न घेता दिलात. माझा पत्ताही विचारला नाहीत. रविवारी सकाळी विश्रामबागेत घरापुढेच काम केले. आपल्या सांगण्याप्रमाणे इंजिन कोमट ठेवले, आट्यांवर गंज सोडवणारा स्प्रे मारून थांबले, आणि तरीही जुना सेन्सर हलेना, तेव्हा हिसका न देता पुन्हा स्प्रे मारला. तो सुटतानाचा कर्र आवाज अजून कानात आहे. नवा सेन्सर आधी हातानेच आट्यात बसवला, टोकाला बोट लागू दिले नाही. त्याच आठवड्यात पीयूसीला गेले. कार्बन मोनॉक्साइड ०.०७ टक्के. इंजिन मिनिटाला अडीच हजार फेऱ्यांवर नेऊन घेतलेल्या मापात लॅम्बडा, म्हणजे हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा आकडा, १.०१; तो एकाच्या जवळ असावा लागतो. वर्षभराचे प्रमाणपत्र हातात आले तेव्हा, खरे सांगते, डोळे भरून आले.

ज्यांनी माझे पैसे घेतले त्यांच्यावर आता राग धरून बसण्याची इच्छा नाही, पण एक गोष्ट बोलल्यावाचून राहवत नाही. त्यांच्याकडे मीटर नव्हता असे थोडेच आहे? आपल्याकडे होता त्याहून भारी यंत्रे त्यांच्याकडे होती. ती यंत्रे त्यांनी माझ्याकडे पाठ करून धरली, इतकेच. गिऱ्हाईक अंधारात राहिले तरच आपला धंदा चालतो असे मानणारी माणसे पुष्कळ झाली आहेत आणि आपणही ते मुकाट्याने चालवून घेतो, मग ते गॅरेज असो, दवाखाना असो की सरकारी खिडकी. अशा दिवसांत समोरच्या अनोळखी बाईला पुरावा दाखवून, हाती आलेली अर्धी विक्री सोडून देणारा दुकानदार माझ्याच गावात, रोजच्या जाण्यायेण्याच्या रस्त्यावर बसलेला आहे, हे कळल्याने मला जो धीर आला आहे तो आपल्याला कसा सांगावा?

जुना सेन्सर आता शाळेच्या प्रयोगशाळेत आहे. नववीच्या मुलांनी त्याच्या तारांना मीटर लावून पाहिला आणि दोघींनी घरच्या बंद पडलेल्या इस्त्रीचे माप घेण्यासाठी तो मीटर मागून नेला.

मागचा सेन्सर अजून उत्तम चालतो आहे. तो खरोखर बिघडेल तेव्हा नवा आपल्याकडूनच घेईन. माप मी घरूनच घेऊन येईन, पण आपण पुन्हा एकदा तपासून पाहावे, ही विनंती.

आपली कृतज्ञ,
विश्रामबागेतली एक शिक्षिका