पेशी मारणे सोपे, कारण सांगणे कठीण

संपादक महोदय,

विद्यापीठातल्या संशोधकाने कर्करोगाच्या पेशी मारणारे रसायन शोधले, अशी बातमी वृत्तपत्रांत अधूनमधून येत असते. तीत संशोधकाचे छायाचित्र असते, किती टक्के पेशी मेल्या तो आकडा असतो आणि 'लवकरच औषध' असे एक वाक्य ठरलेले असते. कोणत्या पेशी, किती मात्रा आणि त्या मेल्या कशामुळे, हे मात्र नसते. प्लेटमधल्या पेशी मारायला संशोधक लागत नाही, त्या ब्लीचनेही मरतात. कर्करोगाच्या रेण्वीय जीवशास्त्राचा, म्हणजे पेशीतले रेणू कसे काम करतात हे पाहणाऱ्या शास्त्राचा, खरा प्रश्न 'कशामुळे' हा आहे आणि बातमीत नेमका तोच गळतो.

आधी तो टक्क्यांचा आकडा येतो कुठून ते पाहू. बहुतेक वेळा तो एमटीटी नावाच्या चाचणीतून येतो. ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये प्रत्येक खळग्यात साधारण ५,००० पेशी टाकतात. ३७ अंश सेल्सिअस तापमान आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेल्या इन्क्युबेटरमध्ये त्या रात्रभर तळाला चिकटू देतात. मग रसायनाच्या उतरत्या मात्रा देऊन ४८ ते ७२ तास थांबतात. शेवटी एमटीटी हे पिवळे द्रव्य घालतात. जिवंत पेशी तीन-चार तासांत त्याचे जांभळे स्फटिक करतात, ते विरघळवून ५७० नॅनोमीटरला रंगाची तीव्रता मोजतात. रंग कमी, म्हणजे जिवंत पेशी कमी.

पण ही चाचणी मृत्यू मोजत नाही, पेशींची चयापचय क्रिया मोजते. समजा, पेशी २४ तासांत दुप्पट होतात. औषध न दिलेल्या खळग्यात ७२ तासांत त्या आठपट झाल्या. औषध दिलेल्या खळग्यात एकही पेशी मेली नाही, फक्त विभाजन थांबले. आता भागाकार करा: आठात एक, म्हणजे साडेबारा टक्के. बातमीत छापून येते, '८७ टक्के पेशी नष्ट'. मेलेली एकही नाही! विभाजन थांबवणे ही फालतू गोष्ट नव्हे, पण औषध काढल्यावर या पेशी पुन्हा वाढू लागू शकतात, आणि रुग्णाच्या दृष्टीने हा फरक लहान नाही. म्हणून औषध घातले त्या क्षणीचे, म्हणजे शून्य तासाचे मोजमाप वेगळ्या प्लेटवर घ्यावे लागते. पेशी खरोखर मेल्या असे म्हणायचे तर ॲनेक्सिन-व्ही आणि प्रोपिडियम आयोडाइड या मरणाऱ्या पेशी ओळखणाऱ्या द्रव्यांनी रंगवून फ्लो सायटोमीटर या एकेक पेशी तपासणाऱ्या यंत्रावर त्या मोजाव्यात, किंवा वेस्टर्न ब्लॉटवर, म्हणजे प्रथिने वजनानुसार वेगळी करून पट्ट्यांत दाखवणाऱ्या चाचणीत, पेशी मरताना तुटणाऱ्या पार्प या प्रथिनाचा ११६ किलोडाल्टनचा पट्टा तुटून ८९ चा तुकडा दिसतो का ते पाहावे.

उलट दिशेची चूकही होते. वनस्पतींच्या अर्कांतले पॉलिफिनॉल पेशींच्या मदतीशिवाय एमटीटीला जांभळे करतात, आणि मेलेल्या पेशीही जिवंत भासतात. त्यासाठी फक्त अर्क आणि माध्यम (पेशी वाढवायचा द्रव) असलेले, पेशी नसलेले खळगे प्लेटवर हवेतच. रसायने बहुधा डीएमएसओ या द्रावकात विरघळवतात आणि ते स्वतः जास्त प्रमाणात विषारी असते. तेव्हा औषध नसलेल्या खळग्यांतही त्याचे प्रमाण तेवढेच, शक्यतो ०.१ टक्क्याच्या आसपास ठेवतात. प्लेटच्या कडेच्या ३६ खळग्यांतून पाणी जास्त उडते, म्हणून जाणते लोक तिथे नुसते बफर भरून मधल्या ६० वरच प्रयोग करतात. हे सगळे शोधनिबंधाच्या 'पद्धती' या भागात असते. तो भाग बातमीदार वाचत नाहीत. खरे तर परीक्षकही दर वेळी वाचतात असे नाही.

पुढचा प्रश्न मात्रेचा. निम्मा परिणाम दिसायला लागणाऱ्या मात्रेला आयसी-५० म्हणतात. ती ५० मायक्रोमोलर (मायक्रोमोलर हे द्रवातल्या रेणूंच्या संख्येवरून मात्रा सांगणारे एकक) असेल आणि रेणूभार ४०० असेल, तर एका लिटर रक्तात २० मिलिग्रॅम रसायन सतत टिकवावे लागेल. तोंडाने घेतलेल्या बहुतेक रसायनांबाबत हे घडत नाही. आतडे ते पुरेसे शोषत नाही, यकृत त्याचे रूपांतर करून बाहेर टाकते. शिवाय रक्तात अनेक औषधांचा ९० टक्क्यांहून अधिक भाग अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटलेला असतो. प्लेटमध्ये सीरम, म्हणजे असे प्रथिन असलेला रक्तातला द्रव, सहसा १० टक्केच असते, म्हणून तिथे मोकळे रसायन कितीतरी जास्त उरते. तीच मात्रा, पण परिणाम निराळा.

आकडे जुळतात तेव्हा कसे दिसतात, याचे उदाहरण इमॅटिनिब या औषधाचे. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगात ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होतात, हे जॅनेट राउली यांनी १९७३ मध्ये दाखवले. त्यातून बीसीआर-एबीएल हे सतत चालू राहणारे एन्झाइम तयार होते. ते अडवणारा रेणू १ मायक्रोमोलर मात्रेला रोग्यांच्या पेशींच्या वसाहती जवळजवळ थांबवतो आणि निरोगी पेशींना फारसे छेडत नाही, हे १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. रोज ४०० मिलिग्रॅम घेतल्यावर रक्तातली पातळी साधारण २ मायक्रोमोलरच्या आसपास राहते. प्लेटमधला आकडा आणि रक्तातला आकडा एकाच घरात आले. २००१ मध्ये अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली. त्याच वर्षी, औषध चालेनासे झालेल्या काही रुग्णांत या एन्झाइममधले ३१५ व्या जागेवरचे थ्रिओनिन बदलून आयसोल्युसिन झाल्याचे आढळले. रुग्णांसाठी ही वाईट बातमी होती. जीवशास्त्राच्या दृष्टीने मात्र तो पक्का पुरावा ठरला. एक अमिनो आम्ल बदलताच औषध निष्प्रभ होते, म्हणजे ते काम करत होते ते याच प्रथिनावर.

असा पुरावा नसेल तर काय होते ते मेल्क या प्रथिनाच्या बाबतीत दिसले. कर्करोगाच्या पेशींना ते जगण्यासाठी लागते, असे आरएनए इंटरफिअरन्स, म्हणजे आरएनएच्या छोट्या तुकड्याने जनुकाचा संदेश गप्प करण्याचे तंत्र, वापरून केलेल्या कामातून दिसले होते. त्याला अडवणारे रसायन तयार झाले, रुग्णांवर चाचण्याही सुरू झाल्या. २०१७ मध्ये कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेतल्या जेसन शेल्टझर यांच्या गटाने क्रिस्पर या जनुक कापण्याच्या तंत्राने मेल्कचे जनुक समूळ काढून टाकले. पेशी पूर्वीसारख्याच वाढत राहिल्या. वर ते रसायन या मेल्क नसलेल्या पेशींनाही तेवढ्याच जोमाने मारत होते! म्हणजे पेशी मरत होत्या हे खरे, कारण खोटे. याच गटाने २०१९ मध्ये चाचण्यांच्या निरनिराळ्या टप्प्यांवरच्या आणखी काही औषधांचे तसेच असल्याचे दाखवले आणि त्यांतल्या एकाचे खरे लक्ष्य, म्हणजे ते ज्याच्यावर काम करते ते प्रथिन, सीडीके-११ हे निराळेच प्रथिन असल्याचे शोधून काढले. आरएनए इंटरफिअरन्समध्ये वापरलेला छोटा तुकडा इतर मिळत्याजुळत्या संदेशांनाही गप्प करतो. म्हणून एकच तुकडा वापरून काढलेला निष्कर्ष कच्चा समजावा. किमान दोन-तीन वेगवेगळे तुकडे हवेत, आणि त्या तुकड्याला न जुमानणारे तेच जनुक परत घातल्यावर पेशी सावरतात का, हेही तपासलेले हवे. लक्ष्य काढून टाकलेल्या पेशींवर औषध दिले का, हा प्रश्न तर बातमीदाराने विचारलाच पाहिजे. विचारायला अर्धे मिनिट लागते.

पेशी खरोखर त्याच आहेत का, हाही प्रश्न आहेच. १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स यांच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून हेला पेशी वाढवल्या गेल्या. त्या इतक्या जोमदार की शेजारच्या फ्लास्कमध्ये एखादी जरी गेली तरी काही पिढ्यांत मूळ पेशींना हुसकावून लावते. निरनिराळ्या अवयवांच्या समजल्या गेलेल्या अनेक सेल लाइन (प्रयोगशाळेत सतत वाढवत ठेवलेल्या पेशी) प्रत्यक्षात हेलाच आहेत, हे स्टॅनली गार्टलर यांनी १९६६ मध्येच दाखवले होते. एमडीए-एमबी-४३५ ही सेल लाइन स्तनाच्या कर्करोगाची म्हणून वर्षानुवर्षे वापरली गेली, ती निघाली मेलानोमाची, म्हणजे त्वचेच्या कर्करोगाची. डीएनएची एसटीआर तपासणी, म्हणजे त्यातल्या पुनरावृत्त तुकड्यांची तुलना, केली की ओळख पटते. दोन नमुने किमान ८० टक्के जुळले तर ते एकाच मुळाचे मानतात. मायकोप्लाझ्माचा संसर्ग तर आणखी छुपा. या जिवाणूला पेशीभित्तिका नसते, म्हणून पेनिसिलिन त्याच्यावर चालत नाही. माध्यम गढूळ होत नाही, गाळण्यांतूनही तो निसटू शकतो. पीसीआर या डीएनए शोधणाऱ्या चाचणीने पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि तोवर पेशींचा चयापचय बदलून बसलेला असतो.

पी-५३ बद्दल थोडे सांगायलाच हवे, कारण 'गाठ रोखणारे प्रथिन वाढले' हे वाक्य प्रसिद्धिपत्रकांत फार आवडीचे आहे. निरोगी पेशीत एमडीएम-२ हे प्रथिन पी-५३ चा सतत निकाल लावत असते, त्यामुळे ते अर्धे व्हायला साधारण २० मिनिटे लागतात. बिघडलेले पी-५३ मात्र साठत जाते. म्हणजे वेस्टर्न ब्लॉटवर पी-५३ चा ठळक पट्टा दिसला तर रक्षक जागा झाला असेल किंवा तो आधीच फितूर झालेला असेल. जनुकाचा अनुक्रम पाहिल्याशिवाय नुसत्या पट्ट्यावरून काही ठरत नाही. खुद्द संशोधकही इथे दहा वर्षे चकले: १९७९ मध्ये सापडलेले हे प्रथिन कर्करोग वाढवणारे आहे असाच समज होता, कारण प्रयोगात वापरलेल्या त्याच्या प्रतीच बिघडलेल्या होत्या. १९८९ मध्ये चित्र उलटले.

उंदरांविषयी थोडक्यात. मानवी पेशी नाकारल्या जाऊ नयेत म्हणून टी-पेशी नसलेले उंदीर वापरतात. गाठ कातडीखाली वाढवतात आणि लांबी गुणिले रुंदीचा वर्ग भागिले दोन या सूत्राने तिचे आकारमान काढतात. प्रतिकारशक्ती अपुरी, गाठ भलत्या जागी. तिथे गाठ लहान झाली ही पुढे जाण्याची परवानगी आहे, त्याहून अधिक काही नाही. मे १९९८ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने ज्युडा फोकमन यांचे एंडोस्टॅटिन आणि अँजिओस्टॅटिन या प्रथिनांचे उंदरांवरचे काम पहिल्या पानावर छापले. संबंधित कंपनीचा शेअर एका दिवसात काही पटींनी चढला, रुग्णांचे नातेवाईक डॉक्टरांना फोन करू लागले. माणसांत एंडोस्टॅटिनने तो चमत्कार दाखवला नाही. गाठीचा रक्तपुरवठा तोडण्याची फोकमन यांची मूळ कल्पना मात्र बरोबर होती. २००४ मध्ये बेव्हासिझुमॅब या औषधाला मान्यता मिळाली ती त्याच वाटेने. नुकसान झाले ते घाईच्या मथळ्याने.

विद्यापीठातल्या संशोधकाचे काम कमी लेखायचे नाही. रास या जनुकात एका अक्षराच्या बदलाने त्याच्या प्रथिनातले बारावे अमिनो आम्ल बदलते आणि पेशी कर्करोगाकडे वळते, हे १९८२ मध्ये कळले. त्या जागच्या एका बदलावर चालणारे पहिले औषध, सोटोरासिब, आले २०२१ मध्ये. एकोणचाळीस वर्षे प्रयोगशाळांनी त्या प्रथिनात औषध बसेल असा खिसा शोधण्यात घालवली. ते काम 'औषध' नव्हते, तरीही बातमीच्या योग्यतेचे होते. आमची विनंती एवढीच, की अशा बातमीच्या पहिल्याच वाक्यात काम प्लेटमधल्या पेशींवर झाले, उंदरांवर झाले की माणसांवर, ते लिहावे. मात्रा एककासह द्यावी. निरोगी पेशींवर तेच रसायन देऊन पाहिले का आणि लक्ष्य काढून टाकल्यावर काय झाले, या दोन प्रश्नांची संशोधकाची उत्तरे, किंवा उत्तर नसेल तर तेही, त्याच बातमीत छापावे. आणि त्या कामाशी संबंध नसलेल्या एखाद्या जाणकाराचे दोन ओळींचे मत सोबत घ्यावे.

आपले,
रेण्वीय जीवशास्त्राचे काही अध्यापक