ब्रँडीच्या घराण्यांचा खरा वारसा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

फ्रेंच ब्रँडीच्या घराण्यांवरील आपल्या पुरवणीतील लेख वाचला. कामू घराण्याची हकीकत त्यात, या घराण्याची ब्रँडी घेणाऱ्या रशियाच्या झारच्या दरबारापाशी फारच रेंगाळली आहे. जाँ-बाप्तिस्त कामू यांनी १८६३ मध्ये कोन्याक गावी सुरू केलेली ही पेढी आज पाचव्या पिढीच्या हाती आहे. मात्र ती राजाश्रयावर टिकली, हा लेखाचा सूर पटत नाही, कारण १९१७ च्या क्रांतीत तो आश्रयच नाहीसा झाला. त्याआधी, पेढी नवीनच असताना, फायलोक्सेरा या किडीने त्या भागातील द्राक्षमळे उद्ध्वस्त केले होते. पुढे १९६० च्या दशकात मिशेल कामू यांनी परदेशी जाणाऱ्या जपानी प्रवाशांची नस ओळखून करमुक्त दुकानांची बाजारपेठ धरली. लेखात या धोरणी निर्णयाला एक ओळही मिळू नये, याचे नवल वाटते.

या धंद्यातली खरी अडचण वेळेची आहे. तांब्याच्या भट्टीत वाइनचे दोनदा ऊर्ध्वपातन करावे लागते आणि कोन्याक ब्रँडीच्या नियमानुसार ते काम ३१ मार्चपर्यंत संपवावे लागते. त्यानंतर मात्र ओकच्या पिंपांत वर्षानुवर्षे नुसती वाट पाहणे उरते. २०१८ पासून ‘एक्सओ’ (‘एक्स्ट्रा ओल्ड’, म्हणजे खूप जुनी) म्हणवणाऱ्या मिश्रणातील सर्वांत कोवळी ब्रँडीदेखील किमान १० वर्षे मुरलेली असावी लागते, आणि या काळात तिचा काही अंश दरवर्षी हवेत उडून जातो. एवढे भांडवल अडकवून ठेवायचे, त्यातच वारसांच्या वाटण्या व्हायच्या, हे ओझे सर्वांना पेलत नाही. १७१५ मध्ये स्थापन झालेली मार्टेलसारखी पेढीदेखील १९८० च्या दशकाच्या अखेरीस सीग्रॅम या कॅनडाच्या मद्य कंपनीकडे गेली.

लेखकाने ‘घराणे’ म्हणजे केवळ मालकांचे, असे गृहीत धरले आहे. हेनेसी या कोन्याकच्याच पेढीची मालकी आज बड्या उद्योगसमूहांकडे असली, तरी तिथे ब्रँडीचे मिश्रण ठरवण्याचे काम पिढ्यान् पिढ्या फिलियू कुटुंबाकडे राहिले असून, २०१७ पासून आठव्या पिढीतील रेनो फिलियू द जिरोंद ते सांभाळत आहेत. लेखमाला पुढे चालू राहणार असेल, तर या कुटुंबावर एक स्वतंत्र लेख अवश्य द्यावा, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक