तक्रार पत्र : रक्ताचा अहवाल आणि वैयक्तिक माहिती बाहेरच्यांच्या हाती गेल्याबाबत

सातारा,
दि. १९ जानेवारी २०२६

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
मुख्य कार्यालय, पुणे

विषय : वार्षिक आरोग्य तपासणी योजनेतील गोपनीयतेच्या अटीचा भंग, आणि त्याबद्दल आपल्या ग्राहक सेवा विभागाने दिलेले उत्तर मान्य नसल्याबाबत

महोदय,

स. न. वि. वि.

मी आपल्या लॅबच्या सातारा शाखेची ग्राहक आहे. आपली वार्षिक योजना घेतली आहे. वर्षातून चार वेळा तुमचा माणूस घरी येऊन रक्त नेणार आणि अहवाल मोबाईलवर येणार, अशी ती योजना. वर्षाचे पैसे एकरकमी भरले. पावती तुमच्या नावाची आहे आणि तिच्यावर जीएसटी क्रमांकही तुमचाच आहे. पहिला नमुना ६ ऑक्टोबर २०२५ रोजी सकाळी घेतला आणि संध्याकाळी अहवाल आला. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीए१सी चाचणी ८.९ आली होती. डॉक्टरांनी मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी सुरू केली. हे मला, माझ्या यजमानांना आणि डॉक्टरांना ठाऊक होते. चौथे तुम्ही.

नोव्हेंबरमध्ये मी कामावर असताना एका अनोळखी नंबरवरून फोन आला. पलीकडची मुलगी म्हणाली, "मॅडम, तुमची शुगर आठ पॉइंट नऊ आलीय ना? चोपन्नाव्या वर्षी एवढी शुगर म्हणजे दुर्लक्ष करून चालणार नाही." मग तिने एका आयुर्वेदिक किटची माहिती सुरू केली. महिनाभर घ्या, गोळ्या बंद होतील, मधुमेह मुळापासून जाईल, असे सांगत होती. मधुमेह बरा करण्याच्या दाव्याची जाहिरात करायला १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपचार कायद्याने मनाई आहे आणि तोंडी जाहिरातही त्यात येते. तिचे ऐकून एखाद्याने खरोखरच गोळ्या बंद केल्या तर काय होईल, याचा विचार तुम्हीच करा. पण त्या क्षणी मला धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टीचा.

माझे वय पंचेचाळीस आहे. आधार, पॅन, बँक, रेशनकार्ड, सगळीकडे तेच आहे. चोपन्न आहे ते फक्त तुमच्याकडे. रक्त घ्यायला आलेल्या मुलाने मोबाईलवर माहिती भरताना ४५ चे ५४ केले. अहवालावर ते पाहून त्याच संध्याकाळी मी हेल्पलाइनला फोन केला होता. "करून देतो मॅडम" म्हणाले, आणि ते आजतागायत झालेले नाही. म्हणजे त्या मुलीच्या समोर जी यादी होती, ती तुमच्याच नोंदींतून निघालेली होती. जगात दुसऱ्या कुठल्याही कागदावर माझे वय चोपन्न आणि साखर ८.९ असे एकत्र लिहिलेले नाही.

तिला मी पुन्हा फोन करू नका असे बजावले आणि नंबर ब्लॉक केला. डिसेंबरमध्ये त्याच लोकांचा फोन कराडला माझ्या भावाला गेला.

भावाचा नंबर त्यांना कसा मिळाला? तुमच्या ॲपमध्ये 'आपत्कालीन संपर्क' हा रकाना भरल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. रक्त काढताना कोणाला चक्कर आली, काही झाले, तर घरच्यांना कळवण्यासाठी हा नंबर हवा, असे तिथे लिहिले आहे. मी विश्वासाने भावाचा नंबर दिला. तो जेवायला बसला होता, हात खरकटा म्हणून फोन स्पीकरवर टाकला. "तुमच्या बहिणीची शुगर कंट्रोलच्या बाहेर गेलीय, त्या आमचा फोन घेत नाहीत, निदान तुम्ही तरी किट मागवा." शेजारी वाढायला आई बसली होती.

माझे वडील मधुमेहाने गेले. आधी पायाची बोटे काढली, मग मूत्रपिंडे गेली, शेवटी डायलिसिस. आईने ते सगळे एकटीने काढले. म्हणूनच मी तिला फोनवर सांगितले नव्हते. औषधाने साखर थोडी खाली आली की संक्रांतीला माहेरी जाऊन, समोर बसून, नवा अहवाल दाखवत सांगायचे असे ठरवले होते. त्या रात्री आईचा फोन आला तेव्हा तिला धड बोलता येत नव्हते. "मला का नाही सांगितलंस" एवढेच ती परत परत म्हणत राहिली. माझ्या आजाराची बातमी माझ्या आईला कोणी, केव्हा आणि कोणत्या शब्दांत सांगायची, हे ठरवण्याचा अधिकार माझा होता. तो तुमच्या निष्काळजीपणामुळे एका किट विकणाऱ्याच्या हाती गेला. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरवला. तो कशासाठी लागतो, हे मला त्या रात्री समजले.

आता तुमच्या उत्तराकडे येते. तुमच्या ग्राहक सेवा विभागाचा ई-मेल म्हणतो की, पुढच्या तपासणीची आठवण करून देण्याचे फोन तुम्ही बाहेरच्या कॉल सेंटरकडे सोपवले आहेत. त्यासाठी ग्राहकांची यादी रोज एक्सेल फाइलमध्ये त्यांच्याकडे जाते. काही गैरप्रकार झाला असेल तर "ती जबाबदारी संबंधित संस्थेची आहे". शिवाय ॲप घेताना मी अटी मान्य केल्या आहेत आणि त्यांत माहिती "सहयोगी संस्थांना" देता येईल असे कलम आहे.

मी एका सहकारी पतसंस्थेत काम करते, त्यामुळे यातले थोडे मला कळते. आमचे पिग्मी एजंट संस्थेचे नोकर नसतात, कमिशनवर काम करतात. दुकानादुकानांतून रोजची रक्कम गोळा करणाऱ्या एजंटाच्या मशीनमध्ये खाते क्रमांक, नाव आणि पिग्मीची शिल्लक असते. त्याच खातेदाराचे कर्ज किती, हप्ता थकला का, जामीनदार कोण, हे त्याला दिसत नाही, कारण त्याच्या कामाला ते लागत नाही. आणि एखाद्या एजंटाने पैसे खाल्ले तर खातेदार आमच्या काउंटरवर येतो. "तुमचे तुम्ही एजंटाकडे बघा" असे त्याला सांगायची आमची हिंमत नाही, कारण पावतीवर नाव संस्थेचे असते. एजंटाशी काय करायचे ते संस्था बघते.

म्हणून माझा पहिला प्रश्न साधा आहे. "पुढची तपासणी जानेवारीत आहे" एवढे सांगण्यासाठी नाव, मोबाईल नंबर आणि तारीख पुरते. माझी साखर किती आली हे कॉल सेंटरला कशासाठी हवे होते? वय कशाला? भावाचा नंबर कशाला? कॉल सेंटरमधल्या कोणी यादी विकली असेल, तर विकण्याजोगी यादी त्यांच्या हाती तुम्हीच दिलीत.

दुसरे म्हणजे करार. रक्त घेताना माझी सही घेतलेल्या फॉर्मवर छापले आहे, "रुग्णाची माहिती तपासणी व अहवाल याव्यतिरिक्त अन्य कोणत्याही कारणासाठी वापरली जाणार नाही." त्याची प्रत सोबत आहे. हे वाक्य तुम्ही लिहिले आणि त्यावर विसंबून मी रक्त दिले, पैसे दिले. ॲपमधल्या लांबलचक अटींतले 'सहयोगी संस्था' हे मोघम शब्द या स्पष्ट वाक्याला खोडून काढू शकत नाहीत. कोणत्या संस्था, कोणत्या कामासाठी, कोणती माहिती, यातले काहीच तिथे सांगितलेले नाही.

आमच्या संस्थेच्या वकिलांकडून मी कायदाही समजून घेतला. वैद्यकीय नोंदी आणि शारीरिक आरोग्याची माहिती ही माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील २०११ च्या नियमांनुसार 'संवेदनशील' माहिती आहे. ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी ती वापरायची, आणि दुसऱ्याला देण्याआधी परवानगी घ्यायची किंवा तसे करारात ठरलेले असायला हवे. २४ ऑगस्ट २०११ रोजी सरकारने या नियमांचा खुलासाही केला. जी कंपनी दुसऱ्या कंपनीशी केलेल्या करारानुसार नुसते काम करून देते, तिला माहिती गोळा करण्याचे व उघड करण्याचे हे नियम लागू नाहीत. जी कंपनी थेट माहिती देणाऱ्या व्यक्तीशी करार करून सेवा देते, तिला ते लागू आहेत. माझा करार कॉल सेंटरशी नाही, त्याचे नावसुद्धा मला माहीत नाही. करार तुमच्याशी आहे, म्हणून बांधील तुम्ही आहात. कायद्याच्या कलम ४३अ नुसार योग्य सुरक्षा न ठेवल्यामुळे नुकसान झाले तर भरपाई द्यावी लागते, आणि योग्य सुरक्षा म्हणजे काय, हे ठरवताना त्या कलमाने पक्षकारांमधला करारही धरला आहे.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या मुख्य तरतुदी अजून लागू व्हायच्या आहेत, असे तुम्ही म्हणाल. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि त्या तरतुदींना १८ महिन्यांची मुदत आहे, हे मलाही माहीत आहे. पण तोवर कलम ४३अ कायम आहे. आणि नव्या कायद्याचे कलम ८ तुमच्या उत्तराच्या अगदी उलट आहे. करारात काहीही ठरलेले असो, बाहेरच्या संस्थेकडून करून घेतलेल्या कामाची जबाबदारी मूळ कंपनीचीच, असे ते सांगते. संमतीबद्दल तर कायद्यातच उदाहरण आहे. फोनवरून वैद्यकीय सल्ला देणाऱ्या ॲपने फोनमधल्या संपर्कयादीचीही परवानगी मागितली आणि वापरणाऱ्या बाईने ती दिली, तरी तिची संमती फक्त वैद्यकीय सेवेपुरतीच धरली जाईल, कारण त्या सेवेला यादी लागत नाही. माझ्या भावाच्या नंबरची गोष्ट याहून वेगळी कशी?

एक गोष्ट मला विशेष लागली. तुमच्या प्रत्येक अहवालाच्या डोक्यावर एनएबीएलचे, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाचे, चिन्ह असते. ते पाहूनच गावातल्या इतर लॅब सोडून मी तुमच्याकडे आले. ही मान्यता ज्या आयएसओ १५१८९ मानकावर मिळते, त्याच्या २०२२ च्या आवृत्तीत म्हटले आहे की, रुग्णाच्या सर्व माहितीची जबाबदारी लॅबने कायद्याने बंधनकारक अशा करारांद्वारे घ्यायची, आणि लॅबसाठी काम करणाऱ्या कंत्राटदारांनीही गुप्तता पाळायची. हे चिन्ह मिरवायचे आणि अंगावर आले की कंत्राटदाराकडे बोट दाखवायचे, हे मला पटत नाही. अहवालाखाली सही करणारे डॉक्टरही २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेने रुग्णाची गुपिते जपायला बांधलेले आहेत. त्यांच्या सहीचा कागद एक्सेलच्या रकान्यांत फुटून बाजारात फिरतो आहे, हे त्यांना तुम्ही कळवले आहे का?

आता माझे म्हणणे. सर्वांत आधी नोंदी जपा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संगणक सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संगणक यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस ठेवणे बंधनकारक आहे. माझ्या नमुन्याच्या दिवसापासूनची ही मुदत एप्रिलच्या सुरुवातीला संपते. माझी माहिती कोणी उघडली, कोणत्या यादीत गेली, कोणाला पाठवली, या नोंदी या तक्रारीचा निकाल लागेपर्यंत पुसल्या जाता कामा नयेत. त्याच निर्देशांनुसार माहितीची गळती सर्ट-इनला सहा तासांत कळवायची असते, तसे कळवले का, तेही सांगा. माझी कोणती माहिती कोणकोणत्या संस्थांना दिली, हे नावांसह लेखी द्या. कॉल सेंटरशी झालेल्या करारातील गोपनीयतेची कलमे मला दाखवा, व्यवहाराचे दर झाकलेत तरी चालेल. त्यांच्याकडची माझी माहिती पुसून घेऊन त्यांचे तसे लेखी पत्र मला द्या. भावाचा नंबर काढून टाका. माझे वय दुरुस्त करा. काही चाचण्यांच्या सामान्य मर्यादा वयावरून पाहिल्या जातात, त्यामुळे ही नुसती टंकलेखनाची चूक नाही.

उरलेल्या तीन तपासण्या मी तुमच्याकडे करणार नाही. त्यांचे पैसे परत करा आणि झालेल्या त्रासाची भरपाई देण्याबाबत तुमचे म्हणणे लेखी कळवा. माझ्या आईला मात्र तुमच्या जबाबदार अधिकाऱ्याच्या सहीचे, मराठीतले माफीपत्र हवे. ही मागणी कायद्यात कुठे लिहिलेली नाही, तरी ती माझ्यासाठी पैशाच्या आधी आहे.

तुमच्या त्या यादीत मी एकटी नव्हते. त्या महिन्यात ज्यांचे ज्यांचे रक्त तपासले, त्या सगळ्यांचे आकडे तिच्यात असणार. कोणाची साखर, कोणाचे थायरॉइड, कोणा मुलीची गरोदरपणाची चाचणी. त्या सगळ्यांना झाला प्रकार तुम्ही स्वतः कळवा. कराडसारखा फोन त्यांच्याही घरी जाण्याआधी त्यांना ते कळले पाहिजे.

२०११ च्या नियमांनुसार तक्रारीचे निवारण एका महिन्यात करायचे असते. तेवढी वाट मी पाहीन. ग्राहकाने विश्वासाने दिलेली माहिती उघड करणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि ग्राहक राहतो तिथल्या आयोगात दाद मागता येते. महिन्याभरात समाधानकारक लेखी उत्तर न आल्यास मी साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात आणि कलम ४३अ खाली राज्याच्या माहिती तंत्रज्ञान विभागाच्या सचिवांकडे अर्ज करीन, आणि एनएबीएलकडेही तक्रार नोंदवीन. उत्तर ई-मेलबरोबर टपालानेही, नोंदणीकृत पाठवावे.

आपली,
वार्षिक योजनेची ग्राहक, सातारा

सोबत : पावती, सही केलेल्या फॉर्मची प्रत, वय चुकीचे असलेला अहवाल, आधारकार्डाची प्रत (क्रमांक झाकून), आलेल्या दोन्ही फोनच्या नोंदींचे स्क्रीनशॉट, ग्राहक सेवा विभागाचा ई-मेल