वादळानंतरच्या पंधरवड्याची तयारी

संपादक महोदय,

पावसाळा तोंडावर आला की टॉर्च, बिस्किटे, मेणबत्त्या आणि कागदपत्रांची प्लास्टिकची पिशवी ही यादी सगळीकडे फिरू लागते. यादी चुकीची नाही, पण ती एका रात्रीपुरती आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगर भागात किनाऱ्याला लागले. वाऱ्याचा खरा जोर काही तासच होता. त्यानंतर मात्र श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोलीतल्या कित्येक वाड्यांनी आठवडेच्या आठवडे विजेविना काढले. पंप बंद, टॉवर बंद, रस्त्यात आडवी झाडे आणि उघड्या घरात मृगाचा पाऊस. कोकणातल्या घराने तयारी करायची ती या दिवसांची. २०२१ चे तौक्ते वादळ तर मेच्या मध्यालाच किनाऱ्याजवळून गेले होते, तेव्हा ‘जूनच्या आधी करू’ हेही उशिराचेच.

सुरुवात छपरापासून करावी. वारा पत्रा खाली दाबत नाही, वर ओढतो. आणि ही ओढ वळचणीला, आढ्याला आणि दोन्ही कडांना सर्वांत जास्त असते. म्हणून कडेच्या पत्र्यांना एकाआड एक उंचवट्यावर जे-बोल्ट (पत्रा वाशाला जखडणारा आकड्यासारखा बोल्ट) हवा. मध्यावर अंतर थोडे वाढले तरी चालते. बोल्ट ८ मिलिमीटरचा, गॅल्व्हनाइज्ड, त्याखाली डांबरी किंवा रबरी वॉशर. पन्हळीच्या खोलगट भागात भोक पाडले तर गळती ठरलेलीच. खाऱ्या हवेत बोल्टची मान वॉशरच्या खाली गंजते, वरून नट ठणठणीत दिसतो. दरवर्षी कडेचे बोल्ट पान्याने हलके पिळून पाहावेत. कुजलेला असेल तो तिथेच तुटून हातात येतो.

बोल्ट शाबूत असूनही अख्खे छप्पर उडते, त्याचे कारण खाली असते. चिऱ्याच्या भिंतीवर कैची (छप्पर पेलणारा त्रिकोणी सांगाडा) नुसती टेकवलेली असते. लोखंडी पट्टी भिंतीवरच्या काँक्रीटच्या बेल्टमध्ये गाडून तिने कैची जखडली पाहिजे. स्लॅबवर पावसासाठी घातलेल्या शेडचीही तीच गत: खांबाच्या तळपट्टीचे बोल्ट स्लॅबच्या काँक्रीटमध्ये जायला हवेत, वरच्या कोब्याच्या थरात नव्हे. अशा शेडला चारही बाजूंनी पत्रे मारून खोली करणे म्हणजे तर वाऱ्याला आमंत्रणच.

मंगलोरी कौलाच्या पोटाला तार ओवायला भोक असलेले नाक असते, पण ते क्वचितच वापरले जाते. वळचणीच्या आणि कडेच्या दोन-दोन ओळी रिपेला जीआय तारेने बांधाव्यात. पन्नास-शंभर जादा कौले मांगरात रचून ठेवावीत, कारण वादळानंतर ती पैसे देऊनही लवकर मिळत नाहीत. सिमेंटच्या पत्र्यावर थेट पाय कधीही देऊ नये. फळी आडवी टाकून बोल्टच्या रांगेवरूनच चालावे. घरालगतच्या माडांचे तयार नारळ आणि सुकलेल्या झावळ्या मेमध्येच उतरवाव्यात. गच्चीवरची पाण्याची टाकी इशारा मिळताच काठोकाठ भरावी. हजार लिटरची भरलेली टाकी टनभर वजनाची होते आणि जागची हलत नाही. रिकामी शेजारच्या आगरात सापडते.

आता पाणी. विहिरीवर पंप बसला आणि बहुतेक ठिकाणी रहाट गेला. वीज नसली की भरलेली विहीर समोर असून घर तहानलेले. एक लोखंडी कप्पी, तिचा आडवा बार, विहिरीच्या खोलीपेक्षा दोन-तीन मीटर जास्त दोर आणि एक कळशी, एवढेच लागते. कप्पीला मेमध्ये तेल घालावे.

वादळात विहिरीत पालापाचोळा आणि गढूळ पाणी जाते. तेव्हा टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, लागते, आणि ती अंदाजाने टाकली जाते ही मोठी अडचण. हिशेब सोपा आहे: व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली (सगळे मीटरमध्ये) गुणिले ७८५, म्हणजे लिटर. तीन मीटर व्यास आणि चार मीटर पाणी असेल तर सुमारे २८ हजार लिटर. हजार लिटरला ५ ग्रॅम धरले तर १४० ग्रॅम पावडर. ती दोन बादल्यांत विभागून थोड्या पाण्यात आधी पेस्ट करावी, मग बादली भरावी, दहा मिनिटे चुना खाली बसू द्यावा आणि वरचे निवळ पाणीच विहिरीत सोडावे. चुन्याचा गाळ विहिरीत ओतला तर पाणी जड होते. कळशी वरखाली करून पाणी ढवळावे आणि तासभर थांबून मग वापरावे. पुराचे पाणीच शिरले असेल तर आधी उपसा करावा आणि मात्रा आरोग्यसेवकाला विचारून वाढवावी. उघड्या पोत्यातली टीसीएल दमट हवेत क्लोरीन गमावते; वास येत नसेल तर ती नुसता चुना समजावी.

वीज गेल्यावर भाड्याचे जनरेटर येतात. दोन्ही टोकांना प्लग असलेली वायर करून घराच्या सॉकेटमध्ये वीज घुसवायची युक्ती सर्रास चालते. ती जीवघेणी आहे. वीज उलटी मुख्य लाइनवर जाते आणि ट्रान्सफॉर्मर तिला उच्च दाबाची करतो; खांबावर वायरमन असतो. मुख्य लाइन तोडून मगच जनरेटर जोडणारा चेंजओव्हर स्विच बसवावा, नाहीतर उपकरण थेट जनरेटरला जोडावे. जनरेटर पडवीत किंवा गोठ्यात नको, त्याच्या धुराला वास असो-नसो, त्यातला कार्बन मोनॉक्साइड माणसाला झोपेतच मारतो. पडलेल्या झाडात अडकलेली तार जिवंतच समजावी.

घरात सुटे पैसे हवेत, कारण यूपीआय आणि एटीएम दोन्ही वीज आणि नेटवर्कवर चालतात. तांदूळ, पोहे आणि कुळथाची पिठी असली की पोटाचे भागते. चिखलापाण्यातून वावरणाऱ्यांनी ताप आल्यास लेप्टोची (दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची) शंका धरून त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे.

डोंगरउतारावरच्या वाड्यांचा प्रश्न वेगळा आहे. तळिये २०२१ मध्ये दरडीखाली गेले, इरसालवाडी २०२३ मध्ये रात्रीच्या वेळी. तालुक्याचा पावसाचा आकडा वाडीचा नसतो. सरळ बाजूंचा, सपाट तळाचा डबा उघड्यावर ठेवून रोज सकाळी साडेआठला फूटपट्टीने मोजावे: २४ तासांत २०४ मिलिमीटरच्या वर गेला तर हवामान खाते त्याला अत्यंत मुसळधार म्हणते. झऱ्याचे पाणी अचानक गढूळ झाले किंवा आटले, उतारावर भेग दिसली, खांब कलला, तर उजेड असतानाच वाडी सोडावी आणि १०७७ वर कळवावे.

१ मेच्या ग्रामसभेत तीन गोष्टी विषयपत्रिकेवर घ्याव्यात, एवढी विनंती: प्रत्येक सार्वजनिक विहिरीवर चालता रहाट, बंद डब्यातली ताजी टीसीएल आणि वाडीगणिक एक चेनसॉ, तो चालवता येणाऱ्या दोघांसह.

— एक वाचक, दापोली