वरच्या खोलीतल्या पोरीस, आभाराचं पत्र

प्रिय पोरी,

तुझं नाव इथं घालत नाही. आमच्या वरच्या खोलीत राहायचीस तेव्हासुद्धा कुणी तोंडावर चांगलं म्हटलं की "बिड्री काकू" (कानडीत "सोडा हो, काकू") म्हणत जिन्यानं वर पळायचीस. पण ह्यांच्या पन्नासाव्या वाढदिवसाला भेटीचा खेळ निवडायला तू जी मदत केलीस तिचे आभार चारचौघांत मानायचे, असं मी तेव्हाच ठरवलं होतं. शिवाय आता गल्लीतल्या बायका मला विचारायला लागल्यात, नवऱ्याला काय द्यावं म्हणून. मी तुझंच शिकवलेलं त्यांना सांगते आणि शाबासकी मला मिळते. हे काही बरं नव्हे.

नवऱ्याला भेट देणं म्हणजे डोक्याला ताप. दिलेले शर्ट कपाटात घडीसकट पडून आहेत. घड्याळ हे फाउंड्रीत घालत नाहीत आणि फाउंड्रीतून आल्यावर त्यांना घड्याळ बघायचं नसतं. पोरगा पुण्याला शिकायला गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. जेवणं उरकली की हे एका खुर्चीत मोबाइल घेऊन आणि मी दुसरीत टीव्ही लावून. भांडण नाही, तंटा नाही, नुसतं ज्याचं त्याचं चाललेलं. म्हणून दोघांनी मिळून खेळायचं काहीतरी घ्यावं असं मनात आलं. कॅरम माळ्यावर आहे, पण त्याला चार माणसं नसली की रंग चढत नाही. पत्ते ह्यांना चालत नाहीत. पोराला फोन लावला तर म्हणाला, "आई, कॅटन घे. जगात फेमस आहे." खडेबाजारात चक्कर मारून आले, तर बहुतेक व्यापार, सापशिडी आणि बारक्या पोरांचे डबे. रिकाम्या पिशवीनं जिन्याशी आले आणि तू भेटलीस.

मी सरळ विचारलं होतं, चांगला खेळ कुठला? तू नाव सांगितलंच नाहीस. पायरीवर बसलीस आणि म्हणालीस, "काकू, खेळ नंतर बघू की. खेळणार कोण ते सांगा आधी." आणि मग तुझी चौकशी सुरू झाली. काका रात्री किती वाजता झोपतात? हरले तर चिडतात का? इंग्रजी वाचायचा कंटाळा आहे का? टेबल केवढं आहे? लहानपणी काय खेळायचे? क्रेडिट सोसायटीत कर्जाचे अर्ज भरून घेताना मी लोकांना इतकं विचारत नाही.

लहानपणीचं विचारलंस ते बरं झालं. हे आजीबरोबर शहाबादी फरशीवर खडूनं पाच बाय पाचचा पट आखून चल्लस-आठ खेळायचे. चार कवड्या, सगळ्या उताण्या पडल्या की चल्लस, सगळ्या पालथ्या की आठ. घराशी आलेली सोंगटी मेली की हे पायानं पट पुसून उठून जायचे, असं सासूबाई अजून रंगवून सांगतात. तू हसलीस आणि लगेच म्हणालीस, "मग फाशांवर चालणारा नको, आणि एकानं दुसऱ्याचं मारायचा तर नकोच नको." मी इतकी वर्षं संसार केला, पण हे गणित मला सुचलं नव्हतं.

कॅटन तू वाईट म्हणाली नाहीस. क्लाउस टॉयबर नावाच्या जर्मन माणसाचा 1995 चा खेळ, त्याच वर्षी जर्मनीत वर्षातल्या उत्तम खेळाचा मान मिळालेला, हे सगळं तूच सांगितलंस. पण मूळ डब्यावर तीन ते चार खेळाडू लिहिलेलं असतं, आणि त्यातली खरी मजा वीट दे, मेंढी घे अशा देवघेवीत आहे. घरात दोघंच असल्यावर देवघेव कुणाशी? पोराला तेव्हा कळवलं, "तुझं कॅटन तू सुट्टीला येताना आण." शिवाय त्यात फासे आलेच.

मग अझुल. फोनवर फोटो दाखवलास तेव्हा मला तोच घ्यावासा वाटला, खोटं कशाला बोलू? पणजीत फाँतेन्यासच्या जुन्या घरांवर निळ्या-पांढऱ्या फरश्या दिसतात, त्यांच्याच पोर्तुगीज घराण्यातला खेळ. मिखाएल कीस्लिंगचा, 2017 चा. पाच रंगांच्या शंभर फरश्या, हातात घेतल्यावर छान वजन लागतं म्हणालीस. दोघांना चालतो, वाचायला काही नाही. पण तू मधेच थांबलीस आणि विचारलंस, "काका फाउंड्रीत नक्की काय करतात?"

पॅटर्न करतात, म्हटलं. ओतायची वस्तू आधी लाकडात घडवायची. लोखंड थंड होताना साधारण शेकडा एक आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा ठेवायचा. वाळूतून अलगद निघावा म्हणून कडांना किंचित उतार द्यायचा. उद्यमबागेतले कारखाने बाहेरून बघणाऱ्याला नुसता धूर आणि वाळू दिसते, पण आतल्या ह्या लाकूडकामात केसाएवढी फट चालत नाही. हे सांगता सांगता मी तोऱ्यात आले होते, आणि तू वहीत चौकटी काढायला लागली होतीस.

"मग पॅचवर्क घ्या," म्हणालीस.

चित्र बघून मी नाक मुरडलं ते तुला आठवत असेल. डब्यावर कापडाचे तुकडे, बटणं, सुईदोरा. पुरुषमाणसाला वाकळ शिवायचा खेळ द्यायचा? तू शांतपणे म्हणालीस, "काकू, चित्र सोडा, तुकडे बघा." आणि मैत्रिणीकडून तिचा डबा उचलून आणलास.

उवे रोझेनबर्ग नावाच्या जर्मन माणसाचा हा खेळ 2014 चा, आणि तो दोघांचाच. दोघांनाही चालतो असं नव्हे, तिसऱ्याला जागाच नाही. प्रत्येकापुढं नऊ बाय नऊ घरांची रिकामी पाटी. तेहतीस वेडेवाकडे तुकडे गोल मांडून ठेवायचे आणि त्यातल्या पुढच्या तिनांतला एक निवडायचा. तुकड्याची किंमत दोन प्रकारची, काही बटणं, म्हणजे ह्या खेळातले पैसे, आणि काही वेळ, म्हणजे वेळेच्या पट्टीवर आपली सोंगटी तेवढी पुढं सरकवायची. पट्टीवर जो मागं असेल त्याची पाळी, त्यामुळं एखाद्यानं महागडा तुकडा घेऊन लांब उडी मारली की दुसरा सलग दोन-दोन, तीन-तीन चाली खेळतो. काही तुकड्यांवर बटणं शिवलेली असतात, ती ठरावीक ठिकाणी पोचलं की व्याजासारखी मिळतात. आणि शेवटी पाटीवर जेवढी घरं रिकामी, तेवढ्यांचे दोन-दोन गुण वजा. फासे नाहीत. दुसऱ्याचं काही मारायचं नाही. फार तर त्याला हवा असलेला तुकडा आपण आधी उचलायचा, आणि तेवढी खोडी नवरा-बायकोत चालते.

मी व्याज म्हटलं तशी तू माझ्याकडं बघून हसलीस, "हे तुमचं, आणि फट न ठेवणं काकांचं." तिथंच मला पटलं. तू खेळ एकट्या त्यांच्यासाठी शोधत नव्हतीस, समोर बसणारीसाठीही शोधत होतीस.

पुढची मदत मला जास्त मोठी वाटते. खेळ घ्या आणि द्या म्हणून तू मोकळी झाली नाहीस. तुझं म्हणणं, असला डबा भेट देणाऱ्यानं नियम आधी शिकून ठेवायचे, नाहीतर वाढदिवसादिवशी दोघं इंग्रजी पुस्तिका वाचत बसणार आणि डबा कॅरमशेजारी माळ्यावर जाणार. म्हणून मैत्रिणीच्याच डब्यावर, संध्याकाळी हे यायच्या आत, तू मला खेळायला बसवलंस. मी "पुढं असणारा खेळतो ना?" विचारलं की न चिडता बोट मागच्या सोंगटीवर ठेवायचीस. शेवटी वहीचं पान फाडून तुझ्या त्या कानडी वळणाच्या मराठीत नियम लिहून दिलेस. "मागं हाय त्याची पाळी" ही पहिली ओळ. घरी कन्नड बोलणाऱ्या, शाळेत मराठी न शिकलेल्या पोरीनं माझ्यासाठी देवनागरीत पानभर लिहिलं, आणि लिहिताना तुझी जीभ बाहेर आलेली मी बघितली आहे!

ऑनलाइन मागवताना अर्ध्या किमतीचा दिसला तर घेऊ नका, नकली माल असतो, पुठ्ठा पातळ आणि छपाई फिकी, हेही तूच बजावलंस. खऱ्याची किंमत बघून माझा हात जरा आखडला होता, पण तेवढ्यात एक बरा शर्ट येतो असा हिशेब केला आणि मागवला. आणि एक अगदी बारीक गोष्ट सांगितलीस, ती मला कधीच सुचली नसती. नव्या डब्यात तुकडे पुठ्ठ्याच्या पानात अडकलेले असतात, ते हातानं दाबून सुटे करावे लागतात. मी म्हटलं, आधीच काढून नीट लावून ठेवते. तू ओरडलीसच, "नको! ते काकांना काढू दे."

तर ऐक. रात्री केक झाला, कुंदा झाला, पोराचा व्हिडिओ कॉल झाला आणि मी डबा पुढं ठेवला. ह्यांचा चेहरा आधी तुला अपेक्षित होता तसाच, म्हणजे 'हे काय आणलं' असा. मग पुठ्ठ्याचं पान हातात घेतलं. एक तुकडा अंगठ्यानं दाबून काढला, त्याच्या कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "डाय चांगली आहे ह्याची," म्हणजे तुकडा ज्यानं कापला तो साचा. त्यानंतर मला हात लावू दिला नाही. तेहतीसच्या तेहतीस तुकडे स्वतः काढले, कडेचा भुसा झाडला, आणि मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीनं मांडले. खेळात त्याचा काही उपयोग नव्हता, पण मी गप्प बसले.

पहिल्या डावात त्यांनी पाटी इतकी दाट भरली की बघत राहावं. पण बटणांकडं लक्षच नाही, त्यामुळं शेवटी शेवटी तुकडा घ्यायला पैसेच उरले नाहीत. मी बटणवाले तुकडे गोळा केलेले, माझ्या पाटीवर ही भोकं. हिशेब केला तर दोघंही वजा! तू आधी सांगून ठेवलं होतंस की नवख्यांचं असंच होतं, म्हणून मी घाबरले नाही. हे मात्र चष्मा पुसून म्हणाले, "परत मांड." पट पायानं पुसला नाही, हे सासूबाईंना दुसऱ्या दिवशी फोनवर सांगितलं.

सासूबाई मधे गावाहून राहायला आल्या होत्या. जुन्या इरकलीचे तुकडे टाके घालून त्यांनी ह्या घरातल्या सगळ्या वाकळा शिवल्यात. आमचा डाव शेजारी बसून बघत होत्या. मी एक मोठा तुकडा घ्यायला हात घातला तशी म्हणाल्या, "तो घेऊ नको. कोपरा आधी भर, मग मधलं आपोआप येतं." त्यांना नियम कुणी सांगितले नव्हते. त्या डावात मी जिंकले, आणि ह्यांनी दोघींनी मिळून खेळल्याचा आरोप केला.

तक्रारी पण सांगते, नाहीतर तुला वाटेल काकू गोड गोड लिहितात. मांडायला फार जागा लागते. तुकड्यांचा गोल केला की पाण्याचा तांब्या खाली ठेवावा लागतो. पाटीवरचं एकच घर भरणारे, चामड्याच्या चित्राचे वेगळे बारके तुकडे पाचच आहेत आणि सारखे हरवतात, एक तर फ्रीजखाली सापडला. आता ते मी कुंकवाच्या रिकाम्या डबीत ठेवते. आणि हे विचार करायला इतका वेळ लावतात की मधे माझी भाजी निवडून होते. ह्यावर तुझ्याकडं काही उपाय असेल तर कळव.

रोज खेळतो असं मुळीच नाही. फाउंड्रीत काम जास्त असलं की हे जेवून थेट झोपतात, आणि मला माझी मालिका असते. पण रविवारी रात्री डबा बहुतेक निघतो, आणि आताशा काढतात तेच.

आता तुझं काम. माझ्या निपाणीच्या नणंदेला हे कळलंय आणि तिला तिच्या नवऱ्यासाठी खेळ हवा आहे. मी तुझ्यासारखी आधी चौकशी करून ठेवली: घरात रात्री पाच माणसं असतात, दोघं चिडके आहेत, सासऱ्यांना बारीक अक्षर दिसत नाही, कॉलेजातली पोरगी सगळ्यांत हुशार आणि तिला कुणाला जिंकू द्यायचं नसतं. टेबल नाही, सतरंजीवर बसतात. भावजी पूर्वी तंबाखूच्या वखारीत लिलावाला बसायचे, बोली लावण्यात कुणाला ऐकत नाहीत. कुठला घ्यायचा ते सांग. आणि नियमाचं पान तूच लिहून दे, माझं अक्षर तिला लागत नाही.

तुझी,
खालची काकू
शहापूर, बेळगाव