'तपासलं, पहाटे ३.१०' असं लिहिणाऱ्या अनोळखी माणसांना

ताईंनो, दादांनो,

तुमची नावं माहीत नाहीत. एप्रिल-मे २०२१ मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, तुम्ही फोनवर 'बोला, पेशंट कुठे आहे?' एवढंच म्हणून कामाला लागत होतात, आणि पलीकडच्या माणसाला तुमचं नाव विचारायचंही भान नव्हतं. आभार तेव्हाच मानायला हवे होते. ते राहून गेले आणि अजून घशाशी आहेत, म्हणून हे पत्र.

तुम्ही मिळवून दिलेल्या बेडचे आणि सिलिंडरचे आभार तर आहेतच. पण सगळ्यात आधी आभार मानायचे आहेत ते एका बारीकशा नोंदीचे. बेड, सिलिंडर कुठे मिळेल याच्या तुमच्या तक्त्यात प्रत्येक नंबरापुढे तुम्ही वेळ लिहीत होतात. 'तपासलं, पहाटे ३.१०.' 'तपासलं, सकाळी ७.४५, दोनच आहेत.' आणि थोड्या वेळाने त्याच ओळीत, 'संपले, ८.२०.'

या नोंदीची किंमत कळायला त्या दिवसांतले बाकीचे निरोप आठवावे लागतात. 'आज आपल्या शहरात ऑक्सिजन बेड उपलब्ध, लगेच संपर्क करा.' या निरोपातला 'आज' कधीच शिळा होत नव्हता. दहा दिवस फिरून आलेला निरोपही 'आज'च म्हणत होता. खाली 'स्वतः खात्री केली आहे' असंही असायचं. ती कुणी केली, कधी केली, पत्ता नाही. मग घरातली चार माणसं चार फोन घेऊन त्या यादीतले चाळीस नंबर फिरवत बसायची. अर्धे बंद, काही चुकीचे, काहींवर रिंग वाजून वाजून थांबायची. पुढे पाठवणाऱ्याला वाटायचं आपण मदत केली. त्याने खरं तर पेशंटचा एक तास खाल्ला होता.

आणि तास म्हणजे काय होतं? १८ एप्रिलला एकट्या महाराष्ट्रात ६८ हजारांहून जास्त नवे रुग्ण सापडले. मेच्या पहिल्या आठवड्यात देशाचा दिवसाचा आकडा ४ लाखांच्या वर गेला. अशा दिवसांत रिकाम्या बेडची माहिती तासभरही टिकत नव्हती. ज्यांच्याकडे अधिकृत यादी होती, त्यांच्या पडद्यावर सकाळचे रिकामे बेड दुपारीही रिकामेच दिसत. लोक रिक्षात पेशंट घालून तिथे पोचायचे आणि गेटवरून परत फिरायचे. मदतीच्या नंबरावर 'आपण रांगेत आहात' ऐकत बसलेल्या घरांना त्याबद्दल कुणी उत्तर दिलेलं नाही. तुमच्याकडे ना अधिकार होता, ना पगार, ना गाडी. फोन होता आणि ही अक्कल होती, की माहितीला वेळ जोडली नाही तर ती माहितीच नव्हे.

'संपले' लिहिणं तर त्याहून अवघड. 'आहे' म्हणायला सगळ्यांनाच आवडतं. ज्या ओळीवर आशेने डोळे लागलेत ती आपल्या हाताने खोडायची, तीही दिवसातून पन्नास वेळा, याला वेगळं काळीज लागतं. त्या खोडलेल्या ओळींमुळे किती घरांनी चुकीच्या दिशेला गाडी वळवली नाही, हे मोजता येणार नाही.

एक गोष्ट तुम्ही फार लवकर ओळखलीत. चालू असलेला नंबर चारचौघांत टाकला की तो मरतो. हजार फोन जातात आणि बिचारा पुरवठादार फोन बंद करून ठेवतो. म्हणून पुढे पुढे तुम्ही खरे नंबर उघड्यावर टाकणंच थांबवलंत. एक विनंती, एक माणूस. 'ही मी घेतोय' असं लिहायचं आणि तिचा निकाल लागेपर्यंत सोडायचं नाही. त्यामुळे एकाच पेशंटसाठी सहा जण एकाच दुकानाला फोन करत बसले नाहीत. बाहेरून ही साधी शिस्त वाटेल. आत अडकलेल्या माणसाला मात्र पहिल्यांदाच वाटलं, की आपलं ओझं कुणीतरी खांद्यावर घेतलंय.

आणि तुमचे प्रश्न! 'पेशंट सिरियस आहे हो' असं कुणी रडत सांगितलं की तुम्ही धीर द्यायचात आणि लगेच विचारायचात: वय किती, ऑक्सिजन लावून सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी, किती, काढल्यावर किती, सध्या किती लिटरवर आहे, साधा ऑक्सिजन बेड हवा की आयसीयू, कोरोनाची आरटीपीसीआर तपासणी झालीय का, पेशंटजवळ कोण आहे. सॅच्युरेशन घेताना बोट गार असेल, नखाला रंग असेल तर आकडा चुकतो, बोट चोळून गरम करा आणि आकडा स्थिरावेपर्यंत थांबा, हेही तुम्हीच सांगितलंत. पहिल्या दोन सेकंदांत दिसलेल्या ८१ ने घाबरून बाहेर पळालेल्या काही जणांचा आकडा दुसऱ्या बोटावर ९४ निघाला.

'किती लिटरवर' हा प्रश्न आधी उगाच वाटायचा. मग तुम्ही हिशेब मांडून दाखवलात. बी टाइपच्या लहान सिलिंडरमध्ये साधारण १५०० लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला ५ लिटर चालवला तर ५ तास, १० लिटर चालवला तर अडीच तास. डी टाइपच्या, म्हणजे जम्बोच्या ७००० लिटरला ५ लिटरच्या वेगाने २३ तासांच्या आसपास. तेही पूर्ण भरून आला असेल तर. काटा निम्म्यावर असेल तर वेळही निम्मी. म्हणून सिलिंडर आला रे आला की आधी काटा बघा, तो एक तृतीयांशावर यायच्या आत भरायला पाठवा, रांगेतला वेळ धरून चाला. १९ एप्रिलला रिकामे टँकर घेऊन कळंबोलीहून निघालेली पहिली ऑक्सिजन एक्स्प्रेस रेल्वेगाडी विशाखापट्टणमहून भरून २४ तारखेला नाशिकला पोचली. त्याच नाशिकमध्ये २१ तारखेला रुग्णालयाच्या टाकीतून गळती होऊन वीसहून जास्त रुग्ण दगावले होते. टँकरला पाच दिवस, लहान सिलिंडरला पाच तास. या दोन आकड्यांमधली जागा तुम्ही फोन करून करून भरत होतात.

सिलिंडर दारात आला म्हणजे सुटलो, असंही नव्हतं. जम्बोचा फ्लोमीटर, म्हणजे ऑक्सिजन किती सोडायचा ते ठरवणारं यंत्र, लहान सिलिंडरच्या पिनच्या व्हॉल्व्हला बसत नाही. हे विचारलं नसतं तर सिलिंडर घरात आणि पेशंट बिनऑक्सिजनचा, अशी वेळ आली असती. तुम्ही आधी सिलिंडरच्या तोंडाचा फोटो मागवायचात. चावी सोबत आहे का, वॉशर आहे का, हे विचारायचात. मग व्हिडिओ कॉलवर, एकेक पायरी: तोंडावरची धूळ उडावी म्हणून व्हॉल्व्ह क्षणभर किंचित उघडून बंद करा, समोर उभे राहू नका, बाजूला राहा. फ्लोमीटर बसवा, त्याची घुंडी बंद ठेवा, मग मोठा व्हॉल्व्ह हळूहळू उघडा. फुसफुस आवाज आला तर वॉशर नीट बसलेला नाही, बंद करून परत बसवा. फ्लोमीटरच्या बाटलीत डिस्टिल्ड वॉटर दोन खुणांच्या मध्ये. बुडबुडे येत नसतील तर बाटलीचं झाकण आटे चुकून वाकडं बसलंय. नळीतून हवा येतेय की नाही कळत नसेल तर तिचं टोक ग्लासभर पाण्यात धरून बघा. हाताला तेल नको. गॅस बंद. आणि देवापुढचा दिवा आज लावू नका, आजींना समजावून सांगा. ती शेवटची सूचना तुम्ही किती मायेने करायचात!

मास्कचंही तसंच. नाकातली नळी ५-६ लिटरपर्यंत ठीक. साधा मास्क ५ च्या खाली चालवू नका, सोडलेलाच श्वास परत आत जातो. पिशवीवाल्या मास्कला १० ते १५ लागतात आणि पिशवी फुगलेली राहायला हवी. म्हणूनच हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणाऱ्या ५ लिटरच्या कॉन्सन्ट्रेटरवर पिशवीवाला मास्क लावून उपयोग नाही, हे तुम्ही त्या मशिनसाठी दागिने मोडायला निघालेल्या माणसाला स्पष्ट सांगितलंत. मिनिटाला १५ लिटर लागणाऱ्या पेशंटला घरी ठेवण्याचा हट्ट धरू नका, बेडच शोधू, असंही सांगितलंत. बेड मिळेपर्यंत पालथं झोपवायला लावलंत: मानेखाली एक उशी, छातीपासून मांड्यांपर्यंत एक-दोन, नडगीखाली दोन. जेवणानंतर तासभर नाही, गरोदर बाईला नाही, मणक्याचं किंवा मांडीचं हाड मोडलेल्याला नाही. उशांना पैसे पडत नाहीत. त्या रात्री कित्येक घरांत औषध म्हणून तेवढंच होतं.

मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारेही त्याच दिवसांत माजले होते. 'निम्मे पैसे आधी पाठवा, पत्ता नंतर देतो.' तुम्ही असे नंबर गोळा केलेत, एकच नंबर तीन नावांनी फिरतोय हे पकडलंत, आणि 'आजची तारीख कागदावर लिहून तो कागद सिलिंडरशेजारी ठेवा, फोटो पाठवा' असं म्हटलं की समोरचा फोन ठेवायचा. गणित सुटायचं.

रेमडेसिवीर या तेव्हा कोरोनावर दिल्या जाणाऱ्या इंजेक्शनबद्दल वेगळं लिहायला हवं. पाच दिवसांच्या कोर्सच्या सहा कुप्या, पहिल्या दिवशी दोन आणि मग रोज एक. त्या सहा कुप्यांसाठी माणसं जिल्हे पालथे घालत होती. रुग्णालयं सरळ नातेवाइकांच्या हातात चिठ्ठी देऊन मोकळी होत होती. तुम्ही कुपी शोधत होतातच, पण सोबत हेही सांगत होतात, की जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्येच हे औषध न वापरण्याची शिफारस केली आहे, डॉक्टरांना एकदा विचारा की याच्यावाचून खरंच अडलंय का. आणि नाही मिळालं तर ते मनाला लावून घेऊ नका. हे वाक्य ज्यांनी तेव्हा ऐकलं, त्यांना त्याची गरज पुढची अनेक वर्षं पडली. आपण धावपळीत कमी पडलो म्हणून माणूस गेला, हा दगड छातीवर घेऊन जगणारी घरं महाराष्ट्रात थोडी नाहीत. काही घरांवरचा तो दगड तुम्ही आधीच उचलून बाजूला ठेवलात.

प्लाझ्माच्या, म्हणजे बरे झालेल्यांच्या रक्तातून काढून रुग्णाला देत त्या द्रवाच्या, बाबतीतही तेच. दात्याची लक्षणं जाऊन २८ दिवस झालेत का, वजन ५० किलोच्या वर आहे का, एबी गटाचा प्लाझ्मा कुणालाही चालतो, हे सगळं तुम्हाला तोंडपाठ होतं. १७ मेला आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) उपचारांच्या सूचनांमधून प्लाझ्मा वगळला, तेव्हा इतक्या दिवसांची मेहनत वाया गेली असं न म्हणता तुम्ही तो रकाना बंद केलात आणि काळ्या बुरशीवरच्या अँफोटेरिसिन या औषधाचा उघडलात.

मदत मागणाऱ्यांवर आणि करणाऱ्यांवर अफवा पसरवल्याचा ठपका येईल, अशीही धास्ती तेव्हा होती. ३० एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाला बजावावं लागलं, की समाजमाध्यमांवर आपली अडचण मांडणाऱ्या नागरिकांचा आवाज दाबू नका. हे बजावावं लागलं यातच सगळं आलं. तुम्ही त्याची वाट बघत बसला नव्हतात. ८ मेला केंद्राने दाखल करून घ्यायला पॉझिटिव्ह रिपोर्टची सक्ती नाही, दुसऱ्या शहरातला म्हणून कुणालाही नाकारायचं नाही असं धोरण काढलं, तर त्याची प्रत तुम्ही गेटवर उभ्या असलेल्या मुलाच्या फोनवर पाठवलीत. 'हे दाखव, आणि शांतपणे बोल.'

तुम्ही कोण होतात? कॉलेजची मुलं, घरून काम करणारे, दुपारी स्वयंपाक आटोपून फोन हातात घेणाऱ्या बायका, आणि इथली रात्र तिथे दिवस असतो म्हणून पहाटेची पाळी उचलणारी परदेशातली आपली माणसं. पुण्यात बसून लखनौच्या दुकानदाराशी हिंदीत हुज्जत, मग बीडच्या काकांशी मराठीत समजूत. तुमच्यातल्या कित्येकांच्या घरात आजारपण होतं, काहींच्या घरात त्याहून वाईट. कुणी जात विचारली नाही, कुणी पक्ष विचारला नाही. चांगुलपणा म्हणजे काय हे एरवी शब्दांत सांगता येत नाही. त्या महिन्यात तो फोनवर ऐकू येत होता, घसा बसलेल्या आवाजात.

दोन गोष्टी राहिल्या.

एक म्हणजे तो शेवटचा फोन. 'काम झालं का?' म्हणून तुम्ही परत फोन करायचात, आणि कधी कधी पलीकडून 'आता नको' असं यायचं. तुम्ही लगेच फोन ठेवत नव्हतात. फार बोलतही नव्हतात. थोडं थांबून विचारायचात, की पुढच्या सोयीसाठी कुणी आहे का सोबत. आणि कित्येकदा त्याच माणसाने सांगितलंय, घरातला अर्धा सिलिंडर शिल्लक आहे, कुणाला लागत असेल तर द्या. तक्त्यात नवी ओळ यायची: एक बी टाइप, काटा निम्म्यावर, तपासलं, दुपारी १.०५.

दुसरी गोष्ट, लाट ओसरल्यावर तुम्ही ते तक्ते पुसलेत. नातेवाइकांचे नंबर, पत्ते, रिपोर्ट, सगळं. ज्यांनी असे निरोप तसेच फिरत ठेवले, त्यांच्यामुळे पुढेही बायकांना नको ते फोन येत राहिले. तुम्ही बसून एकेक ओळ काढलीत. त्यामुळे तुमच्या कामाचा पुरावाही तुमच्याजवळ उरला नाही.

तो इथे, या पत्रात राहू दे.

तुमचेच,
ज्यांच्या नावापुढे तुम्ही वेळ लिहिली होती ते